परत येण्याचा पुरावा

व्हिसाचं काम करते असं सांगितलं की लोकांना वाटायचं, ही बाई माणसांना परदेशी पाठवते. माझं काम त्याच्या बरोबर उलटं होतं. माणूस इथून हलायच्या आधीच तो परत येणार आहे हे कागदावर सिद्ध करायचं, एवढंच मी बावीस वर्षं केलं. आठ दिवस बँकॉक बघायला निघालेला माणूस असो की लेकाकडे चार महिने राहायला जाणारे आजी-आजोबा, समोरच्या देशाला त्यांच्या जाण्यात फारसा रस नसतो. हा माणूस आमच्याकडेच राहून तर जाणार नाही ना, ही त्यांची खरी भीती.

कोपरखैरण्यात मार्केटच्या मागच्या गल्लीत आमचं ऑफिस. दोन टेबलं, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतीवर जगाचा नकाशा, ज्यावर अजूनही दोन-तीन देश जुन्या नावांनीच नांदतात. मालक कादरभाई मूळचे उरणकडचे. त्यांच्या घरात आखातातल्या नोकऱ्या दोन पिढ्यांपासून, त्यामुळे पासपोर्ट म्हणजे काय हे त्यांना रेशनकार्डाच्या आधी कळलं होतं. मी आधी महाप्याला एका कंपनीत टायपिंग करायची. ती कंपनी बंद पडली आणि ओळखीतून कादरभाईंकडे आले. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "ताई, गिऱ्हाईक काय बोलतो ते नंतर ऐका. पहिला त्याचा पासपोर्ट उघडा आणि शेवटची तारीख बघा."

पासपोर्टाची मुदत प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने पुढे असावी, असं बरेच देश मागतात. हा नियम मी आयुष्यात किती वेळा समजावून सांगितला असेल, देव जाणे. एक गृहस्थ हटूनच बसले होते. "मॅडम, पाच महिने वीस दिवस आहेत. दहा दिवसांसाठी काय टेन्शन घेता?" मी म्हटलं, टेन्शन मी घेत नाही, विमानतळावरचा काउंटरवाला घेतो आणि तुम्हाला देतो. ते रागावून दुसऱ्या एजंटाकडे गेले. पुढच्या आठवड्यात पेढ्यांचा बॉक्स घेऊन परत आले आणि पासपोर्ट नवा करायचा फॉर्म मागितला.

नवी लग्नं झालेली जोडपी हा आणखी एक प्रकार. लग्नात मुलीचं नाव बदलायचं, तांदळात नवं नाव कोरायचं आणि त्याच उत्साहात हनिमूनचं तिकीटही नव्या नावाने काढायचं. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा. आमच्याकडे अशी तिकिटं आली की मी नवऱ्याला विचारायची, "या नावाच्या बाई कोण?" तो लाजून बायकोकडे बोट दाखवायचा. मग मी पासपोर्ट उघडून विचारायची, "मग या कोण?"

आणि एक पिठाच्या गिरणीवाले. युरोपच्या टूरला निघाले होते. नोकरदाराला कंपनीचं रजेचं पत्र लागतं. धंदा असेल तर स्वतःच्या लेटरहेडवर तसं लिहून द्यावं लागतं. त्यांना ते फार आवडलं. त्यांनी स्वतःला बारा दिवसांची रजा मंजूर केली, खाली स्वतःची सही ठोकली, वर "सदर इसमाची वर्तणूक चांगली आहे" असंही लिहिलं. मी ते वाक्य काढायला सांगितलं तर म्हणाले, "राहू दे हो, मला दुसरं कोण लिहून देणार?" राहू दिलं. व्हिसा मिळाला.

हे सगळं सांगताना मजा वाटते आणि माझ्या कामाचा मला अभिमानही आहे. पण लिहायला बसले तेव्हापासून एकच फाईल डोळ्यासमोर येते आहे. ती मला टाळता येणार नाही.

चांगुणामावशी बोनकोड्याच्या. मार्केटात मासळी विकायच्या. मी त्यांच्याकडून बोंबील घ्यायची, म्हणून ओळख. एका दुपारी हात धुऊन, साडी बदलून त्या ऑफिसात आल्या आणि खुर्चीच्या टोकाला बसल्या.

"बाय, मना पोरीकरं जायाचंय," त्या म्हणाल्या.

मुलगी दर्शना नर्स होऊन परदेशी गेलेली. जावईही तिकडेच, गोदामात पाळीची नोकरी. देशाचं नाव मी लिहीत नाही, ती माणसं अजून तिथेच नोकरी करतात. दर्शनाला सातवा महिना होता. आधी एकदा राहिलं होतं, ते सातव्यातच गेलं. तेव्हा ती घरात एकटी होती आणि फोन करायला तिला जवळजवळ तासभर जमलं नाही. मावशींना हे सगळं नंतर कळलं.

"या खेपेला मी पाठीशी पायजे," त्या म्हणाल्या. "तिची सासू नाय. मीच हाय."

मी कामाला लागले. मुलीचं आमंत्रणपत्र, तिच्या नोकरीचे कागद, डॉक्टरांचं पत्र, सगळं चोख आलं. अडत होतं ते इथलं. तिकडचे अधिकारी मुलाखत घेत नाहीत, फक्त फाईल बघतात. फाईलीत त्यांना दिसायला हवं की या बाईचं इथे काहीतरी आहे, ज्यासाठी ती परत येईल. नोकरी, घर, जमीन, काहीतरी. मावशी विधवा. बोनकोड्याचं घर मुलाच्या नावावर. विजेचं बिल अजून वारलेल्या नवऱ्याच्या नावावर. गॅस सुनेच्या.

"माहेरी काही?" मी विचारलं.

"जासईला भाव हाय. जमीन हाय तेची, कंटेनरवाल्यांना भाड्यानं दिलीय."

दोन दिवसांनी भाऊ स्वतः आला, कमळाकर. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, वागायला अतिशय मऊ माणूस. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे कागद नीट लावून आणले होते.

"ताई, अख्खी फाईलच आनलीय," तो म्हणाला. "बहिनीसाठी काय कमी नाय पडाला पायजे."

आता आमच्या धंद्याची एक पद्धत सांगायला हवी. आम्ही कागद वाचत नाही, तपासतो. शिक्का आहे का, सही आहे का, पानं सगळी आहेत का, पासपोर्टावरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळतं का. दिवसाला पंधरा फायली बघायच्या तर असंच करावं लागतं. त्या गठ्ठ्यात सातबारा होता, फेरफार होता आणि मधे एक नोंदणी केलेला चार पानी दस्त होता. त्या दस्तात मला चांगुणा हे नाव दिसलं, बापाच्या नावासकट, फोटोसकट. मला इतका आनंद झाला की मी कादरभाईंना ओरडून सांगितलं, "मिळाला, मावशींच्या नावाचा कागद मिळाला."

तो दस्त मी वाशीच्या भाषांतरवाल्याकडे पाठवला. त्याने इंग्रजी करून दिला. मी भाषांतराची पानं मोजली, शिक्का बघितला, पिन मारली आणि फाईल गेली.

तीन आठवड्यांनी नकार आला. अशा पत्रांची भाषा ठरलेली असते, सहसा मी दुसऱ्या परिच्छेदापलीकडे जात नाही. या वेळी गेले, कारण त्यात एक वेगळं वाक्य होतं. तुम्ही सादर केलेल्या दस्तानुसार वडिलोपार्जित मालमत्तेतला सर्व हक्क तुम्ही कायमचा सोडलेला आहे, आणि तुम्हाला मायदेशी परत आणील असं दुसरं काही आम्हाला दिसत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी फोल्डर काढून तो दस्त उघडला. पहिल्याच पानावर, माझ्याच भाषेत, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: हक्कसोड पत्र.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बाप गेला की जमिनीला मुलींचीही नावं लागतात. मग बहिणी भावाच्या नावे हक्क सोडून देतात. आपल्याकडे चांगल्या घरांतून असंच चालत आलं आहे. बहीण सही करते, भाऊ साडी देतो, सगळे जेवतात. जी सही करत नाही तिचं माहेर तुटतं. कमळाकरने तो कागद लपवून आणला नव्हता. त्याच्या मते तो बहिणीच्या प्रेमाचा कागद होता. मावशींना त्यात वावगं वाटलं नाही, आणि मी तर पिनच मारली.

कादरभाईंनी पत्र वाचलं, मग दस्त वाचला. चष्मा काढून पुसला.

"ताई, हा पेपर आपुन वाचला नव्हता काय?"

"नाही."

"त्यांनी वाचला," ते म्हणाले. एवढंच. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं.

मावशी आल्या तेव्हा मी खोटं बोलले. कागद कमी पडले, असं म्हणाले. त्या मान हलवत राहिल्या. त्यांनी विचारलं, आता कधी? मी म्हटलं, पुन्हा अर्ज करू. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि त्या उठल्या. त्या दाराशी पोहोचेपर्यंत मी स्वतःला आवरलं, नंतर मला राहवलं नाही. मी त्यांना हाक मारली, परत बसवलं आणि कागद वाचून दाखवला. चारही पानं. चूक माझी आहे, हेही सांगितलं.

मावशी ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "असं लिवलंय तेच्यात?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"भाव म्हनला सही कर, केली. मटनाचं जेवन होतं. निली साडी दिली." मग, "कायमचा म्हंजे कायमचाच ना?"

मी हो म्हटलं. आणि त्या क्षणी मला लख्ख आठवलं की मीही असाच एक कागद सही करून दिला आहे. साताऱ्याकडे, आमच्या गावी, वडील गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. मी पदवीधर. हातात पेन, समोर चहा, वहिनीने शेवेचे लाडू केलेले. मी एक ओळसुद्धा वाचली नव्हती. वाचायला बसणं म्हणजे भावावर संशय घेणं, असं मला वाटलं होतं. मावशींचा दस्त मी न वाचता का पुढे सरकवला, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं. दिवसाला पंधरा फायली हे अर्धंच कारण होतं.

हे मी मावशींना सांगितलं नाही. आज लिहिते आहे.

दुसऱ्या अर्जाला काय जोडायचं, हा प्रश्न होताच. धंद्यात वाकडे रस्ते खूप असतात. नातेवाइकाच्या दुकानात नोकरी दाखवायची, भावाकडून प्रतिज्ञापत्र घ्यायचं. मी कादरभाईंकडे बघितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "जे हाय तेच दाखवा ताई. एकदा त्यांनी वाचलंय, आता नीट वाचतील."

"मावशी," मी म्हटलं, "तुमच्या स्वतःच्या नावाचा, दुसऱ्या कोणाचा नाही, असा एक तरी कागद घरात आहे का? आठवा."

त्यांनी कमरेची पिशवी सोडली. नोटांच्या आणि गोळ्यांच्या पाकिटाच्या खाली, चार घड्या घातलेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद होता. त्याला मासळीचा वास येत होता. पालिकेने दिलेलं ओट्याचं पत्र. मार्केटात त्या ज्या ओट्यावर बसतात त्याचा क्रमांक, त्यांचं नाव, त्यांचा फोटो, वर परवान्याच्या नूतनीकरणाचे शिक्के ओळीने.

"हे आधी का नाही दिलंत?" माझा आवाज चढला.

"तू मालमत्ता इचारलीस. ही काय मालमत्ता हाय? बसाची जागा हाय."

मग मी पहिल्यांदा धंद्याच्या साच्यातलं पत्र बाजूला ठेवलं. मावशींना म्हटलं, तुम्ही का परत येणार ते तुमच्या तोंडाने सांगा. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. सासूनंतर त्या ओट्यावर मी बसते. सहा महिने ओटा रिकामा राहिला तर दुसरीला जाईल. माझी गिऱ्हाइकं ठरलेली आहेत, एका डॉक्टरीणबाईला काटा काढलेलीच मासळी लागते. गावदेवीच्या जत्रेला पहिला नैवेद्य आमच्या घरचा, तो सुनेला अजून येत नाही. तुमच्या देशात मला राहायचं नाही, माझा जीव तिथे रमणार नाही. पोरीचं बाळंतपण होऊन ती हिंडती-फिरती झाली की दोन महिन्यांत मी परत येईन. हा शब्द आहे.

शेवटचं वाक्य कादरभाईंनी इंग्रजीत घातलं तेव्हा थांबून विचारलं, "हे ठेवायचं?" मी म्हटलं, ठेवा. शिवाय पहिल्या अर्जातलं हक्कसोड पत्रही पुन्हा जोडलं, वर एक ओळ लिहून: अर्जदाराला यातला मजकूर सही करताना माहीत नव्हता.

मधल्या दिवसांत मावशी रोज सकाळी ओटा मांडायच्या आधी काचेतून आत डोकावायच्या. मी मान हलवून नाही म्हणायची. एके दिवशी त्या डोकावल्या नाहीत, दुपारी आत आल्या. हात तसेच, मासळीचे.

"पोर झाली," त्या म्हणाल्या. "मुलगी. दोगी बऱ्या हायत. जावयाचा फोन आयला तवा मी हलव्याचे तुकडे करत होते."

मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत.

"एकलीच होती गं," त्या म्हणाल्या. "जावई पालीवर होता. शेजारनीनं गाडी बोलावली." आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या रडल्या. मला दोष दिला नाही. दिला असता तर तो माझाच होता, आणि आजही आहे.

व्हिसा त्यानंतर अकरा दिवसांनी आला. सहा महिन्यांचा. मावशींना मी विमानतळावर काय विचारतील ते तीन-तीनदा शिकवलं. खाण्याचं जे असेल ते लपवू नका, फॉर्मवर लिहून दाखवा, असं बजावलं. त्यांनी डिंकाचे लाडू दाखवले, सुकटही दाखवली. तिथल्या तपासणीवाल्या बाईने लाडू सोडले, सुकट काढून घेतली. "पन बाई चांगली होती," त्यांनी तिकडून फोनवर सांगितलं. "हसून घेतली."

दोन महिने होत आले तेव्हा दर्शनाचा मला फोन आला. आईला आणखी थांबायला सांगा, व्हिसा तर सहा महिन्यांचा आहे ना, बाळ तिच्याशिवाय झोपत नाही. मी मावशींशी बोलले. नियमाने थांबता येतं, असं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी लिवून दिलंय."

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात आल्या. पासपोर्ट उघडून माझ्यासमोर ठेवला आणि परत आल्याच्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

"बग. आयले का नाय?"

"आलात, मावशी."

"आता हे पान त्याला पाठव. पयल्या चिठीत लिवलं ना तेनी, परत येनार नाय म्हनून. तेला दाखीव."

मी त्यांना समजावलं की असं पाठवायची सोय नसते. पुन्हा कधी अर्ज केला तर बघतील. पण आत्ता तिकडे हे बघायला कोणी बसलेलं नाही.

"कोनीच नाय बगत?"

"नाही."

"मंग इचारलं कशाला?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी त्या पानाची झेरॉक्स काढून त्यांच्या फाईलीत लावली. त्यांचं समाधान झालं नाही, पण झेरॉक्स सरळ लागली आहे ना, हे त्यांनी वाकून बघितलं.

जाताना म्हणाल्या, "सकालीच जासईला जाऊन आले. भावाला म्हनलं, तो कागद मना वाचून दाखीव."

"मग?"

"वाचला. दोनदा थांबला. पानी प्यायला."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? आइकला. सहीच्या आधी आइकाचा होता, तो आता आइकला." त्यांनी पासपोर्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ओट्याच्या पत्राशेजारी कमरेच्या पिशवीत ठेवला आणि मार्केटात गेल्या.

गेल्या वर्षी मी काम सोडलं. कादरभाईंनी निरोपाला शाल दिली आणि माझी स्वतःचीच व्हिसाची फाईल करायला सांगितली. एवढी वर्षं लोकांना पाठवलंत, आता आठ दिवस कुठेतरी जाऊन या, म्हणाले. मी फॉर्म भरायला घेतला. नोकरी: नाही. घर: मिस्टरांच्या नावावर. मायदेशातली मालमत्ता या रकान्याशी पेन थांबलं.

मी गावी भावाला फोन केला आणि माझ्या हक्कसोड पत्राची प्रत मागितली. तो म्हणाला, "आता कशाला, ताई?" मी म्हटलं, काही करायचं नाही रे, वाचायची आहे. त्याने आठवड्यात पोस्टाने पाठवली.

पाच पानं आहेत. मी सगळी वाचली, शिक्क्यांपासून साक्षीदारांच्या नावांपर्यंत. त्यात तीन ठिकाणी लिहिलं आहे की सदर दस्त मी स्वतः वाचून, समजून, स्वखुशीने करून देत आहे. आणि तिन्ही ठिकाणी खाली माझी सही आहे, वळणदार, शिकलेल्या बाईची.